बिनसांध्याचं अंगण

“तडा का गेला, एवढंच मला सांग, दादा. एकच कारण, पण खरं. मग मी घर सोडत नाही, आईला नेत नाही, काही नाही.”

धाकटा अंगणाच्या मधोमध उकिडवा बसून तड्यात गाडीची किल्ली घालून बघत होता. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. आणि त्याचा थोरला भाऊ, ज्यानं तीस वर्षांत दोनेकशे अंगणं घातली, सायकलवरून जाता जाता दुसऱ्याच्या कामातला तडा ज्याला दिसायचा, तो आपल्याच कामापुढे मान खाली घालून उभा होता.

“उन्हानं,” तो म्हणाला.

“ऊन काय फक्त आपल्याच अंगणात पडतं?”

“मालात पाणी जरा जास्त झालं असेल.”

“असेल? पाणी कोणी घातलं, तू का मी?”

या थोरल्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं जे वजन सोडतात, तो ओळंबा. हा माणूस कुणाकडे चहाला गेला तरी आधी एक डोळा मिटून दाराची चौकट बघणार, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, आणि मगच बूड टेकणार. स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही तो नवरीकडे बघत नाहीये, तिच्या मागच्या वाकड्या खांबाकडे बघतोय. बायको अजून त्यावरून टोमणे मारते. असा हा काटेकोर माणूस, आणि त्याच्या अंगणात या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत आडवा तडा! एक बाजू बोटभर खचलेली, दुसरी तशीच वर राहिलेली. तीन आठवड्यांपूर्वी आई त्याच कडेला अडखळून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, अजून ती हॉस्पिटलात होती.

अंगण चाळीस फूट लांब. या टोकाला ओळंब्याचं घर, त्या टोकाला धाकट्याचं. आई दुपारी धाकट्याकडे जेवायची आणि झोपायला थोरल्याकडे यायची. दिवसातून चार फेऱ्या. ते अंगण म्हणजे तिचा रस्ता, तिचा बाजार, तिचा प्रवास, सगळं तेच.

धाकट्यानं खिशातून फोन काढला. “हे वाच. दर आठ-दहा फुटांवर सांधा कापायचा, असं स्पष्ट लिहिलंय. आणि हे तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. पोस्टमनच्या अंगणात तू कापलास. लोक कुत्रं बांधतात तिथेसुद्धा कापलास. आपल्या आईच्या पायाखाली कापायला काय झालं होतं तुला? आळस? घरचंच काम आहे, कसंही उरका?”

ओळंबा पायानं तड्यातली खडी उकरायला लागला.

“बोल ना!”

“आठ दिवस दे मला. सगळा कोबा फोडतो आणि नवा घालतो. आई येईल त्या दिवशी तयार असेल.”

“मला अंगण नकोय, कारण हवंय.” धाकटा उठला, पँट झटकली. “रविवारी आईला सोडतायत. फ्लॅट मी बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, फरशी सपाट आहे. तोपर्यंत सांगितलंस तर ठीक, नाहीतर मी तिला तिकडेच घेऊन जाणार.”

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, सांगून टाक ना! तीच तर गोम होती. कारण त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून घरात भांडण झालं होतं. खरंच, दोरीवरूनच. कुणाचे टॉवेल, कुणाच्या चादरी, असं करत करत आठवड्याच्या आत दोन चुली झाल्या. नेमकं त्याच आठवड्यात अंगणाचं काम निघालं. ओळंबा खडूनं खुणा करत होता, दहा फुटांवर एक, वीस फुटांवर एक, तीस फुटांवर एक. आई पायरीवर बसून बघत होती. वीस फुटांवरची, बरोबर दोन घरांच्या मधली रेघ मारून झाली आणि मागून मुसमुसणं ऐकू आलं.

“परवा चुली वेगळ्या केल्यात. आज माझ्या डोळ्यांदेखत अंगणात रेघ?”

“आई, अगं ही कामातली रेघ आहे. वाटणीची नाही.”

“मला रोज ओलांडायचीय ती. मला कळतं कुठली कशाची ते.” आणि मग खालच्या आवाजात, “मी म्हणाले असं धाकट्याकडे बोलू नकोस हं. धाकटी सून म्हणेल, चुली वेगळ्या झाल्याचं खापर सासूनं माझ्यावर फोडलं. आधीच ती माझ्याशी मोजून बोलते. शब्द दे मला.”

त्यानं शब्द दिला आणि पायानं खडू पुसून टाकला.

काँक्रीट सुकताना आक्रसतं, हे कुठल्याही गवंड्याला विचारा. चाळीस फुटांचा अखंड तुकडा दोन्हीकडून आत ओढला जातो, आणि दोन टोकांना दोन घरांच्या भिंती त्याला धरून ठेवतात. मग ते मधेच कुठेतरी फाटणार. आपण आधी सांधा कापून ठेवला, तर त्या रेघेच्या पोटात गुपचूप फाटतं, वरून कुणाला दिसतही नाही. नाही कापला, तर जिथे त्याची मर्जी. ओळंब्याला हे पाठ होतं. पण त्याला वाटलं, आपण माल असा घालू की फाटायची हिंमतच होणार नाही. म्हणून त्यानं सिमेंट वाढवलं, आणि आईच्या पायाला खरखर लागू नये म्हणून पाणीही वाढवलं. आता कपाळावर हात मारा! सिमेंट जास्त, पाणी जास्त, म्हणजे आक्रसणंही जास्त. परक्याच्या अंगणात हा मूर्खपणा त्यानं जन्मात केला नसता.

महिनाभरात केसाएवढी रेघ उमटली. बरोबर वीस फुटांवर, त्यानं खडू पुसला होता तिथेच. त्यानं सिमेंटचं पाणी भरलं. उन्हाळ्यात ते सुटलं, पुन्हा भरलं, थंडीत पुन्हा सुटलं. मग पावसाचं पाणी आत जायला लागलं आणि खालचा भराव वाहून जायला लागला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

सोमवारी सकाळी त्यानं पहार मारली. मदतीला पैलवान होता. पैलवान म्हणजे त्याचा जुना बिगारी, पन्नाशीचा, अंगावर मूठभर मांस नाही, पण घमेलं उचलायला लागला की दुपारपर्यंत थांबायचा नाही. तड्याजवळचा पहिला तुकडा उचलला आणि पैलवाननं खाली हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला.

“उस्ताद, हे तर पोकळ आहे सगळं.”

“दिसतंय मला.”

“म्हातारी पडली ते बरंच म्हणायचं. कोणी एकदम आत गेलं असतं तर?”

“तोंड बंद ठेव आणि घमेलं भर.”

दोन दिवस ते फोडत होते. शेजारीपाजारी कुंपणाशी येऊन उभे राहत. एक म्हणाला, झाडाची मुळं असतील. ओळंबा म्हणाला, असतील. दुसरा म्हणाला, हल्ली सिमेंटच भेसळीचं येतं. तो म्हणाला, येतं. तिसऱ्यानं विचारलं, “काय हो, तुम्ही घातलेलं ना हे? माझ्या गच्चीचं काम तुम्हालाच देणार होतो.” त्यानं पुन्हा पहार उचलली.

बायको मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. त्या दिवशी तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं, आणि तीन वर्षं ते पोटात ठेवलं होतं. मंगळवारी ती चहा घेऊन आली आणि कप त्याच्या हातात न देता विटेवर आपटला.

“अहो, आणखी किती दिवस मूग गिळून बसणार? आईंचा शब्द राखता राखता आईच चालल्यात. मी सांगते भाऊजींना.”

“नाही.”

“का नाही?”

“तिला कळेल. आपल्याच हट्टानं आपलं हाड मोडलं, हे तिला आत्ता, त्या खाटेवर कळू दे म्हणतेस? ती खंगून जाईल गं.” आणि तो रडायला लागला. हातात पहार, अंगावर धूळ, सकाळचे नऊ वाजलेले, आणि कुंपणापलीकडे माणसं. “हात जोडतो तुला. नको सांगूस.”

पैलवाननं पाठ फिरवली आणि भरलेलंच घमेलं पुन्हा भरायला लागला. बायकोनं विटेवरचा कप उचलून त्याच्या हातात दिला आणि आत गेली.

बुधवारी भराव. या खेपेला त्यानं तिळभरही आळस केला नाही. वीतभर भराव टाकायचा, पाणी शिंपडायचं आणि धुम्मस घेऊन ठोकायचा, म्हणजे दांडा लावलेल्या जड लोखंडानं. पुन्हा वीतभर, पुन्हा ठोकायचा. पैलवानच्या हाताला फोड आले. दुपारी ओळंबा तसाच धुळीच्या कपड्यांत हॉस्पिटलात गेला, तर डॉक्टरीण बाईंनी त्याला बाजूला बोलावलं. बाई साध्या शब्दांत बोलल्या. हाड जुळेल, पण वय आणि दुखावलेली नस, दोन्ही बघता तुमच्या आई पुन्हा आपल्या पायांवर चालणार नाहीत. चाकाची खुर्चीच. घरात कुणीतरी त्यांना हे समजावून सांगायला हवं.

तो खाटेपाशी गेला.

“काय म्हणत होत्या रे बाई?” आईनं विचारलं.

“म्हणाल्या, पंधरा दिवसांत पळायला लागशील.”

आई हसली. “मग धाकट्याला म्हणावं, फ्लॅट-बिट काही नको. मी आपली दोन्ही घरी येईन-जाईन. अंगण केलंस का नीट?”

“करतोय.”

बाईंचं म्हणणं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. धाकट्याला नाही, बायकोलाही नाही. गुरुवारी सकाळी त्यानं माल कालवला, तोही असा की डोळ्यांत तेल घालून पाणी मोजलं, आणि जी बाई त्यावर पाऊल टाकणार नव्हती तिच्यासाठी चाळीस फूट कोबा थापीनं घोटून काढला. भिंतींच्या कडेनं दोन्हीकडे फोमची पट्टी सोडली, म्हणजे काँक्रीटला हलायला जागा. शुक्रवारी सकाळी कटर लावून सांधे कापले. तीन सांधे, दोरी धरून, सरळ. मग ओली पोती पसरली. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्याला वाटलं, निदान हे बघून तरी धाकट्याचं मन बदलेल.

तो कुंपणाच्या कडेकडेनं धाकट्याच्या दारात गेला. घरभर खोकी होती. त्याची बायको, धाकटी, पेपरात गुंडाळून ताटं रचत होती. त्याला बघून ती उठली. “बसा ना भाऊजी,” म्हणाली, पण बसायला खुर्ची शिल्लक नव्हती. तो एका खोक्यावर टेकला.

“झालं बघ अंगण. सांधे कापलेत. भराव ठोकून घेतलाय. शंभर वर्षं हलणार नाही.”

धाकट्यानं खिडकीतून बघितलं.

“छान झालंय,” तो म्हणाला. “म्हणजे तुला येतं.”

“येतं म्हणजे?”

“म्हणजे तेव्हाही येत होतं. तेव्हा का नाही केलंस? दादा, मला वाटत होतं, तू काहीतरी सांगशील. चुकलो, विसरलो, काहीही. तुला समजत नव्हतं असं तरी म्हण. आता तेही म्हणता येत नाही.”

ओळंबा हादरलाच. पाच दिवस जीव काढून त्यानं आपल्याच विरुद्ध पुरावा बांधला होता, बिनतोड आणि लेव्हलमध्ये.

“थांब रे,” तो म्हणाला. धाकट्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज असा विनवणीचा झाला. “मी थोरला असून सांगतो, पाया पडायला लावू नकोस. आईशिवाय मला त्या घरात राहवणार नाही. तिच्या खोकल्यानं मला जाग येते, तिच्या हाकेनं मी जेवतो. नको नेऊस तिला.”

“मग कारण सांग.”

धाकटी हातात ताट धरून तशीच उभी होती. ओळंब्यानं तिच्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, मग खाली. आणि उठून कुंपणाच्या कडेकडेनं घरी गेला.

रविवारी अकरा वाजता अॅम्ब्युलन्स आली. आईनं हट्टच धरला होता, जायचं तर आधी माझ्या घरी. धाकट्याचं सामान टेम्पोत भरून झालं होतं, टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. ओळंब्यानं पोती बाजूला केली. माणूस चालण्याइतका कोबा पक्का झाला होता. धाकट्यानं खुर्ची ढकलत आत आणली. ओळंबा पुढे, धाकटी आणि ओळंब्याची बायको मागे, पैलवान फाटकाशी.

आईची नजर अंगणावर गेली आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“थांब. थांबव रे. हे काय?”

“नवीन केलंय, आई,” ओळंबा घाईनं म्हणाला. “आत चल, ऊन आहे.”

“रेघा कशाला मारल्यास? मी तेव्हा नको म्हटलं होतं ना!”

धाकट्यानं खुर्चीवरचे हात काढले आणि फिरून तिच्या समोर आला.

“तू नको म्हटलं होतंस?”

“मग! रडून सांगितलं होतं मी याला. दोन चुली झाल्या त्या आठवड्यात. घरांच्या मधे रेघ नको म्हणून.” आणि मग तिला धाकटी दिसली. आईचा हात तोंडाकडे गेला, पण बोलून झालं होतं. धाकटीचा चेहरा पडला. पण तिनं सरळ येऊन सासूचा ढळलेला पदर सारखा केला आणि खुर्चीशेजारी उभी राहिली.

“दादा,” धाकटा म्हणाला, “हे होतं कारण?”

ओळंब्यानं मान हलवली. त्याच्या छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण त्याचं सगळं लक्ष आईकडे होतं. आईच्या कपाळाला आठी पडली होती. ती सांध्याकडे बघत होती, मग स्वतःच्या पायाकडे, मग पुन्हा सांध्याकडे.

“रेघ नव्हती म्हणून तडा गेला?”

“हो,” धाकटाच म्हणाला.

“म्हणजे माझ्यामुळे पडले मी.”

“नाही गं आई,” ओळंबा खाली बसला, तिचे गुडघे धरले. “तसं नाही काही. भराव वाहून गेला, पाऊस जास्त झाला…”

“गप्प. माझ्याकडे बघ. तेव्हा मी तुला विचारलं होतं. डोळे पुसले आणि विचारलं, रेघ नाही मारली तर काही बिघडेल का? काय म्हणालास तू?”

ओळंब्यानं खुर्चीचं पुढचं चाक सरळ केलं.

“काय म्हणालास?”

“काही बिघडत नाही म्हणालो.”

“आणि तुला ठाऊक होतं बिघडणार?”

“हो.”

“तीस वर्षं काम केलेला गवंडी तू. आणि मी अडाणी बाई. मला तू बिघडेल म्हणाला असतास तर मी काय जीव दिला असता? दोन दिवस तोंड फुगवून बसले असते. का नाही म्हणालास?”

“तू रडत होतीस,” तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“दादा, सोड आता,” धाकटा म्हणाला. “माझंच चुकलं. मी उगाच… सामान उतरवतो मी. आई, आपण कुठे जात नाही.”

ओळंब्याचा जीव भांड्यात पडला असेल, असं तुम्हाला वाटेल. क्षणभर पडलाही. तेवढ्यात आईनं त्याचा हात आपल्या गुडघ्यावरून उचलला आणि दोन्ही हातांत धरला.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “बुधवारी त्या डॉक्टरीण बाई तुला कोपऱ्यात घेऊन गेल्या होत्या. तू येऊन मला म्हणालास, पंधरा दिवसांत पळशील. मी परत चालेन का रे?”

धाकट्यानं चमकून भावाकडे बघितलं. ओळंब्याच्या बायकोनंही बघितलं.

ओळंब्याच्या ओठांवर उत्तर तयार होतं. ते नेहमीच तयार असायचं. चालशील की, का नाही चालणार, मी आहे ना. आईचे डोळे भरून आले होते, अगदी त्या पायरीवर भरले होते तसेच.

“नाही,” तो म्हणाला. “नाही चालणार, आई. बाईंनी सांगितलं तसं.”

धाकटी तोंडाला पदर लावून रडायला लागली. आई रडली नाही. तिनं एकदा मान हलवली, दुकानदारानं भाव सांगितल्यावर आपण हलवतो तशी, आणि त्याचा हात सोडला.

“चार दिवस,” ती म्हणाली. “चार दिवस मी त्या खाटेवर पडून पाय हलवायची, चालायची तालीम करत होते. नर्सा हसत होत्या, मला वाटलं कौतुकानं हसतायत.” मग ती धाकट्याकडे वळली. “सामान उतरवू नकोस. मी येते तुझ्याबरोबर.”

“आई!” ओळंबा ओरडलाच. “आत्ता तर खरं बोललो मी!”

“बोललास, बाळा. विचारलं म्हणून बोललास. आता या पायांनी मी दिवसातून किती वेळा विचारू, खरं सांगतोयस का म्हणून?” ती शांतपणे म्हणाली. “हा धाकटा फटकळ आहे, तोंडावर बोलतो, माझं डोकं फिरवतो. पण त्याच्याकडे मला कळेल तरी, मी कुठे आहे ते. तू माझ्यावर फार माया करतोस रे. मला भीती वाटते आता तिची.”

धाकट्यानं खुर्ची वळवली. खुर्ची फाटकापर्यंत गेली. सपाट कोबा होता, कुठे अडली नाही. ओळंबा तिथेच अंगणात गुडघ्यांवर बसून होता, उठायचं त्याला सुचलं नाही. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, मग अॅम्ब्युलन्सचं दार लागल्याचा.

पैलवान फाटकातून आत आला आणि त्याच्यापाशी उभा राहिला.

“उस्ताद,” तो म्हणाला, “काम मात्र झकास झालंय.”